देव प्रेमळ आहे, तर क्रूस कशाला?

तिठ्यावरचा
सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या रस्त्यांवर आणि तिकडे वर वसईच्या वाड्यांमधून पांढरे क्रूस दिसतात. झेंडूचा हार, खाली मेणबत्त्या. हार घालणारे सगळे ख्रिस्तीच असतात असंही नाही.

क्रूस हे रोमन लोकांचं देहदंडाचं साधन. तेही गुलाम आणि बंडखोरांसाठी, म्हणजे सगळ्यात हलकं मरण. ते देवाच्या प्रेमाची खूण कसं झालं? आणि देव सर्वशक्तिमान आहे, प्रेमळ आहे, तर "जा, माफ केलं" म्हणायला त्याला अडचण काय होती? त्यासाठी त्याच्या मुलाचा, म्हणजे येशूचा, जीव का जावा लागावा? हा व्यवहार मला प्रेमापेक्षा नवसाच्या बळीसारखा वाटतो.

जाणकारांनी लिहावं. धर्मांतर आणि राजकारणासाठी दुसरे धागे आहेत, तिकडे जावं.

सुरमई_फ्राय
पहिला नंबर. खुर्ची टाकून बसलोय.

पापडीकर
प्रश्न रास्त आहे, आणि नवा नाही. येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातच (१:२३) कबुली आहे, की क्रुसावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. यहुद्यांची अडचण बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकामुळे (२१:२३), कारण झाडावर टांगलेला माणूस शापित. पौल ते नाकारत नाही. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात (३:१३) तो म्हणतो की तो शाप ख्रिस्ताने स्वतःवर घेतला.

खूण म्हणून क्रूस रुळायलाही बराच काळ गेला. सुरुवातीचे ख्रिस्ती मासा, जहाजाचा नांगर, मेंढपाळ अशी चित्रं काढत. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर साधारण इसवी सन २०० च्या सुमाराचं एक भिंतीवरचं कोरीव चित्र सापडलंय: क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, शेजारी हात वर केलेला एक जण आणि मजकूर, "अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय." क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक, आणि ते टिंगलीचं. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ही शिक्षा बंद केली. रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावर ख्रिस्त क्रुसावर दिसतो तो ४३० च्या आसपास. म्हणजे ज्यांनी ही शिक्षा डोळ्यांनी पाहिली होती त्या पिढ्यांनी तिचं चित्र जवळपास काढलंच नाही.

हर्णै_बंदर
दुसऱ्या प्रश्नावर. वाण्याने गिऱ्हाईकाची उधारी माफ केली तर वहीतली ओळ पुसली जाते, पण गेलेला माल परत येत नाही. तोटा कुणाला तरी सोसावा लागतो, आणि माफ करणाराच तो सोसतो. वधस्तंभ (क्रूस) म्हणजे तो तोटा देवाने स्वतः सोसला. पौलाचं रोमकरांना पत्र ५:८ वाचा: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, यात देव आपली प्रीती दाखवतो. आधी सुधारा, मग प्रीती करतो, अशी अट तिथे नाही.

सह्याद्री_उतार
वाण्याने तोटा सोसला हे ठीक. पण इथे वाण्याने आपल्या पोराला पुढे केलंय ना? तिठ्यावरचा यांचा मुद्दा तोच आहे.

पापडीकर
इथेच बहुतेकांचा पाय घसरतो, प्रवचन देणाऱ्यांचासुद्धा. रागावलेला बाप, मधे पडून मार खाणारा मुलगा, आणि आपण सुटलो, असं चित्र उभं राहतं. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीत हे बसतच नाही. पुत्र हा देवाबाहेरचा तिसरा कुणी नाही. २ करिंथ ५:१९ चं वाक्य आहे की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. करणारा तोच आणि सोसणाराही तोच. योहान १०:१८ मध्ये येशू स्पष्ट सांगतो की माझा जीव कुणी हिरावून घेत नाही, मी आपणहून देतो. आणि १ योहान ४:१० मध्ये क्रम पाहा. आपण देवावर प्रेम केलं असं नाही, त्याने आपल्यावर केलं आणि पुत्राला पाठवलं. प्रेम आधी, क्रूस नंतर. क्रूस पाहून देवाला प्रेम सुचलं असं बायबल कुठेही म्हणत नाही.

सह्याद्री_उतार
मग पकडला जाण्याआधी येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचं काय? मार्क १४:३६. "हा प्याला माझ्यापासून दूर कर." आपणहून निघालेला माणूस असं म्हणेल?

पापडीकर
चांगलं पकडलंत. सातव्या शतकात याच वाक्यावर मोठं रण माजलं होतं. ख्रिस्तात एकच इच्छा की दोन? मॅक्सिमस नावाच्या साधूने दोन म्हणून हट्ट धरला, त्यापायी त्याची जीभ आणि उजवा हात गेला. तो वारल्यावर ६८०-८१ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेने त्याचंच म्हणणं मान्य केलं: दैवी इच्छा आणि मानवी इच्छा, दोन्ही खऱ्या. मरणाची भीती वाटणं हे माणूसपणाचं लक्षण, ती भीती खोटी नाही. तिच्यासकट "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हटलं म्हणून त्या होकाराला वजन.

सुरमई_फ्राय
एक इच्छा की दोन यावरून जीभ कापली. आपल्या आंतरजालावर निदान फक्त आयडी उडतो.

बाणकोट_खाडी
माहितीसाठी: इस्लाममध्ये हजरत ईसा हे मोठे पैगंबर, कुमारी मरियमचे पुत्र, पण त्यांना क्रुसावर मारलं गेलं हे आम्ही मानत नाही. कुराण, सूरह निसा, आयत १५७. आमच्याकडचा युक्तिवाद तिठ्यावरचा यांच्याच वळणाचा आहे. अल्लाह रहमान (दयाळू) आहे, माफीसाठी त्याला मध्ये कुणाचा जीव लागत नाही. वाद घालायला लिहीत नाही, प्रश्न फक्त हिंदूंना पडतो असं वाटू नये म्हणून.

पापडीकर
@बाणकोट_खाडी, धन्यवाद. फरक नेमका तिथेच आहे. आणि ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही हे सांगायला हवं. सगळ्या पंथांचं एकमत आहे ते एवढंच, की ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला. कसं, याचं उत्तर कुठल्याही सार्वत्रिक परिषदेने एकच म्हणून ठरवून दिलेलं नाही.

दुसऱ्या शतकातला इरेनियस म्हणतो, आदामाने जे बिघडवलं ते ख्रिस्ताने माणूस होऊन पहिल्यापासून पुन्हा नीट जगून दाखवलं; क्रूस हा त्या जगण्याचा शेवटचा टप्पा. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी म्हणतो, सैतानाने माणूसपणाचं आमिष गिळलं आणि आत लपलेल्या देवपणाच्या गळाला लागला. १०९८ मध्ये अँसेल्मने मानमर्यादेचा हिशेब मांडला. देवाचा मान मोडला, तो भरून देणं माणसाचं कर्तव्य, पण ऐपत फक्त देवाची, म्हणून देव-मानव. त्यानंतरच्या पिढीतला आबेलार्ड म्हणाला, हिशेब राहू दे, हे प्रेम पाहून माणसाचं मन फिरतं, सुटका त्यातच. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने अँसेल्मच्या मानाच्या जागी न्यायालय आणि शिक्षा आणली. प्रवचनातला तो "मार खाणारा मुलगा" बहुतेक वेळा याच शेवटच्या मांडणीची स्वस्त प्रत असते.

गरी_आणि_दोर
म्हणजे ग्रेगरीबाबा सैतानाक गरवूक बसले होते! मालवणात जन्म व्हायचो तो चुकून दुसरीकडे झालो.

हर्णै_बंदर
@पापडीकर, "स्वस्त प्रत" हे अन्यायाचं आहे. जुन्या करारात यशया ५३ मध्ये "आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला, आम्हाला शांती देणारी शिक्षा त्याच्यावर पडली" हे कॅल्विनच्या दोन हजार वर्षं आधी लिहिलंय. शिक्षेची भाषा काढून टाकली तर वधस्तंभ नुसता हृदयस्पर्शी प्रसंग उरतो. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारली तर ते प्रेम. कुणी बुडत नसताना उडी मारून जीव दिला तर त्याचा उपयोग काय? आबेलार्डच्या मांडणीत हीच फट आहे.

पापडीकर
फट आहे, मान्य. शिक्षेची भाषा काढा असंही मी म्हटलेलं नाही. ती एकटीच ठेवली की बाप आणि पुत्र एकमेकांसमोर उभे राहतात, एवढंच.

चिरेखाण
थोडं अवांतर, पण धाग्यात रस्त्यावरचे क्रूस आलेत म्हणून. हे क्रूस वाईट अवस्थेत जाताहेत आणि बहुतेक ठिकाणी दुरुस्तीनेच.

जुने क्रूस जांभ्याच्या चिऱ्यात, चुन्याच्या गिलाव्यात. जांभा पाणी पितो आणि सोडतो. चुनाही सोडू देतो. वर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढला की पाणी आत अडकतं, खारं पाणी सुकताना मीठ गिलाव्यामागे साठतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. मग लोक आणखी सिमेंट मारतात. दुसरी चूक आडव्या हाताची. त्यात साधी लोखंडी सळई घालतात. खाऱ्या हवेत ती गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि हात सांध्यावर उभा चिरतो. सळई हवीच असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. ३०४ किनाऱ्यावर डाग धरतं.

गिलावा एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, मीठ आपणच आत घालतो. दोन थर, एकेक १० ते १२ मिलिमीटर, मधे आठवडाभर ओलसर ठेवणं. त्यावर चुन्याची पातळ सफेदी तीन-चार हात. मे महिन्याच्या सणासाठी एप्रिलच्या भर दुपारी सफेदी काढतात, ती हाताला पांढरी लागते कारण चुना धरायच्या आधीच सुकतो. भिंत आधी भिजवा, काम सकाळी लवकर करा. खरं तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात करणं उत्तम.

मेणबत्त्या चौथऱ्यावर थेट चिकटवू नका. वाळूचा पत्र्याचा ट्रे ठेवा. मेण सुरीने खरवडलं की चुना सोबत येतो, लाकडी पट्टीने काढा.

तिठ्यावरचा
@चिरेखाण, अवांतर असलं तरी दंडवत. मे महिन्याचा सण कुठला?

वाडीतली_लदीन
३ मे. क्रूस सापडल्याचा सण. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिला यरुशलेममध्ये क्रूस सापडला अशी परंपरा आहे. पोप जॉन तेविसावे यांनी १९६० मध्ये रोमन पंचांगातून हा सण काढला आणि १४ सप्टेंबरचा क्रूस-उत्थापनाचा ठेवला. पण १४ सप्टेंबरला आपल्याकडे पाऊस. त्यामुळे गोवा आणि सिंधुदुर्गात वाड्यावाड्यांवरची लदीन (क्रुसापुढची सामूहिक प्रार्थना) आजही मे महिन्यातच. क्रूस धुऊन सफेदी, अबोली-झेंडूचे हार, संध्याकाळी प्रार्थना आणि गाणी, नंतर उकडलेले चणे. तारीख वाडी आपसात ठरवते, नाहीतर गाणारे सगळीकडे पुरणार कसे?

हिंदू शेजाऱ्याने हार घातला किंवा मेणबत्ती लावली तर हरकत अजिबात नसते. मिस्सामधला (चर्चमधल्या मुख्य उपासनेतला) ख्रिस्तप्रसाद मात्र फक्त कॅथलिकांसाठी. ती वेगळी गोष्ट, तिथे रांगेत जाऊ नये.

सुरमई_फ्राय
आणि गुड फ्रायडेच्या उपासाला मासे चालतात हे खरं?

वाडीतली_लदीन
चालतात. वर्ज्य आहे ते मांस, १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून. मासे त्यात धरत नाहीत. उपास वेगळा: १८ ते ५९ वयात दिवसभरात एक पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा अगदी थोडं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढंही नाही. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, दोनच दिवस हा नियम. आजारी आणि गरोदर बायकांना सूट.

गरी_आणि_दोर
ह्यो उपास माका जमात. कोंबडी सोडायची आणि तिच्या दुप्पट भावाची सुरमई खायची, ह्यो त्याग.

वाडीतली_लदीन
हलके घेतलं. म्हणूनच आमच्याकडची जुनी माणसं त्या दिवशी पेज आणि लोणच्यावर भागवतात. नियमाने चालतं म्हणून सुरमई खाल्ली तर उपासाचा हेतू गेला.

आता विषय निघालाच आहे तर गुड फ्रायडेचा विधी सांगते, कारण मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या विधीत आहे. त्या दिवशी मिस्सा होत नाही. वेदी उघडी: कापड नाही, मेणबत्ती नाही, क्रूससुद्धा नाही. घंटा गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतापासून बंद, तिच्या जागी लाकडी खटखटा. दुपारी तीनच्या सुमारास धर्मगुरू लाल वस्त्रात येतात आणि काही न बोलता जमिनीवर पालथे पडतात. मग यशया ५२-५३, इब्री लोकांस पत्र, आणि योहानाचे १८-१९ हे अध्याय. त्यानंतर दहा प्रार्थना: चर्चसाठी, यहुद्यांसाठी, ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी. ज्यांचा क्रुसाशी संबंध नाही त्यांची नावं क्रुसाच्या आधी घेतली जातात.

मग जांभळ्या कापडात झाकलेला क्रूस आणतात. आधी वरचं टोक उघडतात, मग उजवा हात, मग पूर्ण. तिन्ही वेळा "हे पाहा क्रुसाचे लाकूड" असं गायन, लोक गुडघ्यावर. मग एकेक जण पुढे येऊन नमन करतो, बहुतेक जण पायाचं चुंबन घेतात.

इथे चुका होतात. गर्दी आवरायला चार कोपऱ्यांत चार क्रूस धरतात. नियम एकाच क्रुसाचा आहे. माणसं जास्त असतील तर काहींचं नमन झाल्यावर धर्मगुरूंनी क्रूस उंच धरायचा आणि सगळ्यांनी जागेवरून शांतपणे नमन करायचं. दुसरी चूक, पुसायला एकच ओला फडका घेऊन बसतात. तो निर्जंतुक करत नाही, ओल पसरवतो. कोविडात २०२० ला चुंबन फक्त धर्मगुरूंपुरतं ठेवायचा आदेश आला होता. हाताने स्पर्श करून नमन केलं तरी पुरतं.

सह्याद्री_उतार
@वाडीतली_लदीन, प्रतिसाद आवडला. मला मात्र या सगळ्यातली दुसरी बाजू मांडायची आहे. "आपापला क्रूस वाहा" हे वाक्य घरोघरी कुणाला ऐकवलं जातं? नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला. सोसणं हेच प्रेम, असा अर्थ क्रुसातून निघतोच ना?

वाडीतली_लदीन
काढला जातो, आणि तो चूक आहे. मार्क ८:३४ मध्ये "जो माझ्यामागे येऊ इच्छितो त्याने" अशी सुरुवात आहे. इच्छा पहिली. दुसऱ्याने पाठीवर लादलेला अन्याय म्हणजे क्रूस नव्हे. नासरेथमध्ये, स्वतःच्याच गावात, लोक कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला, लूक ४:३०. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तर त्याने विचारलं, मी बरोबर बोललो तर मला का मारतोस? योहान १८:२३. मार खाणाऱ्या बाईने घर सोडणं, पोलिसांत जाणं, यात क्रूस टाकून देणं कुठे येतं? तिला गप्प बसवणाऱ्याने निदान हे दोन संदर्भ वाचावेत.

सह्याद्री_उतार
हे कबूल. हे चर्चच्या माइकवरून सांगितलं जावं.

वसईचा_किल्ला
आपणहून वाहिलेल्या क्रुसाचं कोकणातलं उदाहरण कुणी दिलंच नाही! संत गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानमध्ये आधी व्यापार, मग फ्रान्सिस्कन बंधू, भाषा येत असल्याने दुभाषाचं काम. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने २६ जणांना पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापून क्योतोपासून नागासाकीपर्यंत कडक थंडीत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं. १८६२ मध्ये संतपद.

चिरेखाण
बांधून? खिळे नाहीत?

वसईचा_किल्ला
जपानी पद्धतीत दोर आणि लोखंडी कड्या. रोमन पद्धतीत दोन्ही चालत, दोर आणि खिळे. खिळ्यांचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे १९६८ मध्ये यरुशलेमजवळ सापडलेलं पहिल्या शतकातलं टाचेचं हाड, त्यात ११.५ सेंटिमीटरचा खिळा अडकलेला. टोक वाकलं म्हणून तो निघाला नाही, नाहीतर खिळे काढून पुन्हा वापरत. चित्रांत येशू पूर्ण क्रूस ओढताना दिसतो. शिक्षा झालेल्याकडून बहुधा आडवं लाकूडच वाहून घेत, उभा खांब जागेवर रोवलेला असे.

तिठ्यावरचा
भरपूर मिळालं. पण माझा दुसरा प्रश्न अजून तिथेच आहे. नुसतं माफ करता आलं असतं की नाही? हो की नाही सांगा.

पापडीकर
हो.

अँसेल्म नाही म्हणतो. पण तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस हा प्रश्न थेट घेतो, आणि त्याचं उत्तर असं, की देवाने काहीही भरपाई न घेता माफ केलं असतं तरी त्यात अन्याय झाला नसता, कारण अपराध त्याचाच झालाय आणि त्याच्या वर दुसरा न्यायाधीश नाही. दुखणं पाहून वैद्य निवडतो तसा क्रूस हा देवाने निवडलेला मार्ग, सक्तीचा नव्हे. कारण तो अशी देतो: माणसाला देवाचं प्रेम किती ते कळावं, नम्रता आणि आज्ञापालनाचा नमुना मिळावा, आणि ज्या माणूसजातीला सैतानाने हरवलं तिच्यातल्याच एकाने सैतानाला हरवावं. शुभवर्तमानातही क्रुसाच्या कितीतरी आधी येशू पक्षाघाती माणसाला "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे" म्हणतो (मार्क २:५), आणि येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या मुलाचा बाप, मुलगा अजून दूर असतानाच धावत जातो (लूक १५:२०). तिथे बळी नाही.

हर्णै_बंदर
मार्क २ मधली क्षमा ज्याने दिली तोच पुढे वधस्तंभावर गेला. ती क्षमा फुकट नव्हती, तिची किंमत त्याने नंतर भरली. मी "नाही" वर कायम. पाप नुसतं दुर्लक्षून सोडणारा देव ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा काय न्याय करणार?

तिठ्यावरचा
म्हणजे कॅथलिक "हो", प्रोटेस्टंट "नाही"?

पापडीकर
इतकं सरळ नाही. खुद्द कॅल्विननेही एका ठिकाणी लिहिलंय, की ही निव्वळ गरज नव्हती, देवाच्या निर्णयातून आलेली होती. आणि अँसेल्म तर कॅथलिक संत.

हर्णै_बंदर
त्यावर वेगळा धागा काढा. कॅल्विनचा संदर्भ मी तिथे देतो.

वाडीतली_लदीन
@चिरेखाण, आमच्या वाडीच्या क्रुसावर आधीच ऑइलपेंट आहे. त्यावर चुना धरेल का?

चिरेखाण
नाही. पेंट आणि खालचं सिमेंट दोन्ही हातोडी-छिन्नीने हलक्या हाताने काढावं लागेल. ग्राइंडर लावू नका, जांभा भसाभस निघतो. चिरा उघडा पडला की एक उन्हाळा तसाच सुकू द्या, पांढरं मीठ वर येईल ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मग गिलावा. यंदाच्या लदीनीला उघड्या चिऱ्यावरच हार घाला.